डोझरचं ताशी काम कसं काढायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मातीकामाच्या यंत्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्मी या वेळी एकाच विषयावर आहेत: बुलडोझर तासाला किती माल ढकलेल, हे काम सुरू होण्याआधी कसं ठरवायचं आणि सुरू झाल्यावर कसं तपासायचं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. उदाहरणांमधली मापं हिशोब समजावा म्हणून घेतली आहेत. आपल्या कामावर आपलीच मापं घाला.

प्रश्न: पुस्तिकेत ब्लेडची क्षमता दिलेली असते, पण प्रत्यक्षात ब्लेडपुढे तेवढा माल दिसत नाही. साईटवर तो मोजायची काही रीत आहे का?

आहे. मोजपट्टी, दोन माणसं आणि दहा मिनिटं एवढंच लागतं. पुस्तिकेतली क्षमता ब्लेडच्या मापांवरून ठरलेल्या सूत्राने काढलेली असते. सरळ ब्लेडसाठी ते सूत्र असं: ०.८ × रुंदी × उंची × उंची. ३.९ मीटर रुंद आणि १.४ मीटर उंच ब्लेडला ते ६.१ घनमीटर येतं. दोन ब्लेडची आपसात तुलना करायला हा आकडा ठीक आहे. तुमच्या साईटवरची माती ब्लेडपुढे किती टिकेल, हे त्यातून कळत नाही.

मोजण्यासाठी ऑपरेटरला नेहमीसारखा माल भरून सपाट जागेवर आणायला सांगा. ‘मोजणार आहोत’ म्हटलं की तो जास्त भरून आणतो, म्हणून चालू कामातलीच एखादी फेरी धरा. डोझर थांबला की ब्लेड हळूहळू उचलत यंत्र अगदी थोडं पुढे न्यायचं, म्हणजे ढीग दोन्ही बाजूंनी सारखा पडतो. मग सरळ मागे यायचं. आता डोझरच्या दोन ट्रॅकच्या आतल्या कडा जिथून जातात त्या दोन रेषांवर ढिगाची उंची घ्या आणि त्याच दोन रेषांवर ढिगाची रुंदी, म्हणजे डोझरच्या चालीच्या दिशेतलं माप घ्या. दोन्हींची सरासरी काढा. शेवटी ब्लेडच्या दिशेने ढिगाची सर्वांत जास्त लांबी मोजा.

सुट्या मालाचे घनमीटर = ०.३७५ × सरासरी उंची × सरासरी रुंदी × लांबी

उंची १.१५ आणि १.२५ भरली तर सरासरी १.२. रुंदी २.७ आणि २.९ भरली तर सरासरी २.८. लांबी ४.६. गुणाकार ५.८ घनमीटर. ढीग दोन्ही टोकांपर्यंत पुरा त्रिकोणी असता तर ०.५ ने गुणलं असतं. टोकं उतरती असतात, म्हणून ०.३७५. एका ढिगावर विसंबू नका, निदान चार-पाच ढीग मोजा. शिवाय ढीग टाकायच्या जागेजवळ मोजा. खोदाईच्या तोंडाशी ब्लेड काठोकाठ भरलेलं असतं आणि वाटेत दोन्ही बाजूंनी माल सांडत जातो. पोचतो तोच माल आपल्या हिशोबाचा.

प्रश्न: ब्लेडपुढचा माल कळला. त्यावरून तासाचा आकडा कसा काढायचा? आमच्याकडे फेऱ्या मोजून ६० मिनिटांचा सरळ गुणाकार करतात आणि प्रत्यक्षात काम नेहमी कमी भरतं.

फेरीचे तीन तुकडे असतात: ढकलत जाण्याचा वेळ, रिकामं मागे येण्याचा वेळ आणि गिअर बदलण्यात, दिशा बदलण्यात जाणारा ठरावीक वेळ. पॉवरशिफ्ट (क्लच न दाबता गिअर बदलणाऱ्या) यंत्राला तो ठरावीक वेळ ०.०५ मिनिट धरतात, साध्या गिअरच्या जुन्या यंत्राला ०.१० आणि दोन दांड्यांचं असेल तर ०.२० पर्यंत.

वेग न मोजता अंदाज करायचा असेल तर कठीण मालात ३० मीटरपर्यंत ताशी २.४ किलोमीटर आणि त्यापुढे ३.२ धरावा. सुट्या मालात हेच आकडे ३.२ आणि ४ होतात. परतीचा वेग यंत्राच्या गिअरप्रमाणे ठरतो, साधारण ५ ते ७ किलोमीटर. पुस्तिकेतला परतीचा कमाल वेग धरू नका. वाट खडबडीत असली तर तो गाठला जात नाही.

४० मीटरचं अंतर, जाताना ३.२ आणि येताना ६.५ किलोमीटर घेऊ. मिनिटाला हे ५३.३ आणि १०८.३ मीटर होतात. जायला ०.७५ मिनिट, यायला ०.३७, ठरावीक ०.०५, एकूण १.१७ मिनिटं. ६० मिनिटांत ५१ फेऱ्या, ५.८ घनमीटरने २९७ घनमीटर. तुमच्याकडे जे लिहिलं जातं ते हे.

पण तासात ६० मिनिटं काम होत नाही. ऑपरेटर पाणी पितो, सर्वेक्षणवाला खुंटी ठोकायला यंत्र थांबवतो, समोर टिपर आडवा उभा असतो, ब्लेडची कड चुकून दगडावर अडकते. चांगल्या साईटवर ५० मिनिटं धरतात, म्हणजे गुणक ०.८३. सांभाळ ढिला असेल तर ४० मिनिटं, गुणक ०.६७. ५० मिनिटं धरली की आपला आकडा २४८ सुट्या घनमीटरवर येतो. ही कपात अंदाज ‘सुरक्षित’ करण्यासाठी मर्जीने घातलेली नसते. थांबलेली मिनिटं खरोखर मोजून तो गुणक काढता येतो आणि तसाच काढावा.

प्रश्न: कंपनीच्या आलेखात ४५ मीटरला तासाला ५०० घनमीटर दाखवतात. आमच्या चिकट, घट्ट मातीत निम्मंही होत नाही. आलेख चुकीचा की आमचं यंत्र खराब?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. आलेखाखाली बारीक अक्षरात अटी छापलेल्या असतात, त्या वाचायच्या राहून जातात. तासाची पूर्ण ६० मिनिटं काम, ट्रॅकला पुरेशी पकड, कडेवरून खाली माल लोटणं म्हणजे टाकायला वेगळा वेळ नाही, आणि सुट्या मालाचं वजन घनमीटरला सुमारे १३७० किलो. अशा आदर्श दिवसाचं ते वरचं टोक असतं. तिथून आपल्या साईटपर्यंत उतरण्यासाठी गुणक वापरतात.

ऑपरेटर उत्तम असेल तर १, मध्यम ०.७५, नवखा ०.६०. सुटा साठवलेला ढीग असेल तर १.२. खोदायला कठीण माल, पण ब्लेडला टिल्ट सिलिंडर (ब्लेडचं एक टोक खाली झुकवणारा) आहे तर ०.८०, टिल्ट नसेल तर ०.७०. कोरडा, न चिकटणारा किंवा अतिचिकट, ब्लेडपुढे नीट न गुंडाळला जाणारा माल ०.८०. फोडलेला खडक ०.६० ते ०.८०. धूळ, पाऊस, धुकं, अंधार यांत नीट दिसत नसेल तर ०.८०. चर पाडून, म्हणजे एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जाऊन बाजूंना बांध ठेवत ढकललं तर १.२०. आणि मालाचं वजन जास्त असेल तर १३७० भागिले आपल्या मालाचं सुटं वजन.

तुमची माती सुटी असताना घनमीटरला १६०० किलो भरते असं धरू. वजनाचा गुणक ०.८६, मध्यम ऑपरेटर ०.७५, खोदायला कठीण ०.८०, ५० मिनिटांचा तास ०.८३. गुणाकार ०.४३ येतो, म्हणजे ५०० चे २१५ घनमीटर. यात चर पाडून काम केलं तर १.२० ने गुणून २५५ च्या आसपास. चर न पाडता अशा मातीत निम्म्यापेक्षा कमी आकडा यायचाच.

इथे हमखास होणारी चूक सांगायला हवी. ब्लेडपुढचा माल आणि फेरीचा वेळ साईटवर मोजून घेतला असेल तर त्यावर ऑपरेटर, माती, चढउतार, वजन यांचे गुणक पुन्हा लावायचे नाहीत. ते सगळं मापात आधीच उतरलेलं असतं. तिथे लागतो फक्त मिनिटांचा गुणक. गुणक दोनदा लागून खरं २४० चं यंत्र कागदावर १२० चं दिसतं, आणि मग साईटवर एक डोझर विनाकारण जास्त येऊन उभा राहतो.

प्रश्न: भरावाचं माप दाबलेल्या घनमीटरमध्ये असतं, खोदाईचं जागच्या (न खोदलेल्या मातीच्या) घनमीटरमध्ये आणि डोझरचं सुट्या घनमीटरमध्ये. हे आपसात बदलायचं कसं?

कोणताही आकडा लिहिताना त्याच्यापुढे ‘सुटा’, ‘जागचा’ किंवा ‘दाबलेला’ हा शब्द लिहायची सवय लावा. नुसता ‘घनमीटर’ लिहिलेली वही पुढच्या माणसाच्या उपयोगाची नसते.

बदलासाठी तीन कोरड्या घनता लागतात. जागच्या मातीची आणि रोलर मारून झालेल्या भरावाची घनता सॅंड रिप्लेसमेंट चाचणीने (छोटा खड्डा करून त्यात मोजलेली वाळू भरून) मिळते. सुट्या मातीची घनता काढायला ठरावीक मापाची पेटी न दाबता भरून वजन करा. ओलावा वजा करून कोरडीच घनता वापरा, कारण ढिगात आणि जमिनीत पाणी सारखं नसतं. समजा जागची १.७५, सुटी १.४० आणि दाबलेली १.९४ टन प्रति घनमीटर आली. १.७५ भागिले १.४० म्हणजे माती २५ टक्के फुगते. सुट्याचं जागचं करायचा गुणक ०.८०. जागच्याचं दाबलेलं करायचा गुणक १.७५ भागिले १.९४, म्हणजे ०.९०.

आता १०,००० दाबलेले घनमीटर भराव करायचा आहे. जागची माती लागेल १०,००० भागिले ०.९०, म्हणजे ११,१११. ती सुटी होऊन डोझरपुढे येईल १३,८८९ घनमीटर. तासाला २४८ सुट्या घनमीटरने ५६ तास. १०,००० ला थेट २४८ ने भागलं असतं तर ४० तास आले असते. आठ तासांच्या दोन पाळ्यांची चूक, आणि यंत्रात किंवा माणसात काहीच बिघाड नसताना.

वाळू फार फुगत नाही, १०-१२ टक्के. फोडलेला खडक ५० टक्क्यांच्या आसपास फुगतो, आणि दाबल्यावरही जागच्यापेक्षा जास्तच जागा व्यापतो. मातीचा ०.९० चा गुणक खडकाला लावून ठेवलेला हिशोब उलट्या दिशेने चुकतो.

प्रश्न: मोठं ब्लेड बसवलं तर काम वाढेल का?

हलका, सुटा माल असेल आणि लांब न्यायचा असेल तर वाढेल. दोन्ही कडा पुढे वळलेलं यू ब्लेड कोळसा, लाकडाचा भुसा, सुपीक वरची माती यांसाठीच असतं, कारण ते माल कडेने सांडू देत नाही. घट्ट मातीत मात्र ब्लेडच्या कडेवर मीटरमागे किती अश्वशक्ती पडते यावर ते जमिनीत शिरेल की वरून घसरेल हे ठरतं. रुंदी वाढली की मीटरमागची ताकद घटते. म्हणून कठीण मालाला सरळ ब्लेड आणि मिश्र कामाला मधलं, सेमी-यू.

पकडीचाही विचार करा. यंत्र २५ टनांचं असेल तर सुट्या मातीवर पकडीचा गुणक ०.६० धरून त्याला फार तर १५ टन ओढ लावता येते. कोरड्या वाळूवर हा गुणक ०.३० होतो आणि ओढ ७.५ टन. त्यापुढे इंजिनात ताकद असली तरी ट्रॅक जागच्या जागी फिरतात. ट्रॅक फिरताना दिसले की ब्लेड थोडं उचलून माल कमी करायचा, थ्रॉटल वाढवायचा नाही. चार फेऱ्या हलक्या झाल्या तरी चालतील. घसरत्या ट्रॅकवर ढकललेली एक भारी फेरी वेळही जास्त घेते आणि ट्रॅकच्या पट्ट्या म्हणजे शूही झिजवते.

प्रश्न: उतार आणि अंतर यांचा परिणाम किती धरावा? डोझरने किती लांब ढकलणं परवडतं?

उताराचा हिशोब सोपा आहे. यंत्राच्या दर टनामागे दर एक टक्का चढाला १० किलो ओढ खर्च होते. २५ टनांचं यंत्र १० टक्के चढावर अडीच टन ओढ फक्त स्वतःला वर नेण्यात घालवतं. उतारावर तीच अडीच टन त्याला मिळते, शिवाय ब्लेडपुढे माल जास्त टिकतो. म्हणून १० टक्के उताराला उत्पादनाचा गुणक सुमारे १.२ आणि २० टक्क्यांना १.४ धरतात. १० टक्के चढाला सुमारे ०.८. चढ २० टक्क्यांवर गेला की गुणक झपाट्याने पडतो आणि निम्म्याच्या जवळ येतो. खोदाई कोणत्या टोकाकडून सुरू करायची याची मोकळीक असेल तर उताराकडे ढकलता येईल अशीच आखणी करा. याहून स्वस्तात उत्पादन वाढवायचा दुसरा मार्ग नाही.

अंतराचा परिणाम वरच्याच यंत्रावर पाहू. माल ५.८ घनमीटर, वेग तेच, ५० मिनिटांचा तास. ३० मीटरला तासाला ३२६ सुटे घनमीटर. ६० मीटरला १६८. ९० मीटरला ११३. १२० मीटरला ८५. अंतर दुप्पट झालं की काम जवळपास निम्मं होतं, कारण ठरावीक वेळ अगदी थोडा असतो आणि सगळा वेळ चालण्यातच जातो. यात सांडणारा माल धरलेला नाही, तो धरला तर लांबचे आकडे आणखी खाली येतात. सर्वसाधारणपणे ९०-१०० मीटरपुढे स्क्रेपर (माती खरवडून पोटात भरून नेणारं यंत्र) किंवा लोडर-टिपरची तुलना करून पाहावीच. त्या तुलनेत तासाचा खर्च भागिले तासाचे घनमीटर हा एकच आकडा सगळ्या पर्यायांसाठी काढा.

अंतर मोजताना खोदाईच्या मधल्या बिंदूपासून भरावाच्या मधल्या बिंदूपर्यंत मोजा. नकाशावर खोदाईची जवळची कड आणि भरावाची जवळची कड यांतलं अंतर धरलं की ते कमी भरतं.

मागे येण्याचा वेग वाढवून फेरी कमी करायचा मोह होतो. ट्रॅकच्या सांध्यातल्या नळ्या (बुशिंग) आणि दातेरी चाकं (स्प्रॉकेट) रिव्हर्समध्ये, आणि तेही भरधाव रिव्हर्समध्ये, जास्त झिजतात. ३० मीटरच्या आत तिसऱ्या रिव्हर्स गिअरने वाचतात ते थोडेच सेकंद. आमच्या मते छोट्या अंतरात दुसरा गिअर बरा. लांबच्या, सपाट, नीट राखलेल्या वाटेवर तिसरा वापरायला हरकत नाही.

प्रश्न: चर पाडून ढकलल्याने २० टक्के काम वाढतं म्हणतात. आम्ही करून पाहिलं, फरक दिसला नाही.

चर नीट पडला नसेल. ब्लेडपेक्षा जरा रुंद असा एक चर एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जाऊन तयार होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना सांडलेल्या मालाचे बांध राहतात आणि पुढच्या फेऱ्यांत तेच माल बाहेर सांडू देत नाहीत. ऑपरेटर प्रत्येक फेरीला थोडा बाजूला सरकत असेल तर बांध उभेच राहत नाहीत आणि फायदा शून्य. बांध ब्लेडच्या उंचीपर्यंत वाढू द्या, त्याहून उंच नको. शेजारचा दुसरा चर मधे पातळ भिंत सोडून पाडा आणि शेवटी ती भिंत कापून त्याच चरातून ढकला.

खोदाई कुठून सुरू होते हेही बघा. टाकायच्या जागेजवळून सुरुवात करून दर फेरीला मागे सरकत जायचं. असं केलं की ब्लेड थोड्या अंतरात भरतं, आणि पुढची वाट आधीच कापलेली, गुळगुळीत, जरा उतरती मिळते. मागच्या टोकापासून सुरू केलं तर भरलेलं ब्लेड न कापलेल्या उंचवट्यावरून न्यावं लागतं आणि वाटेत निम्मा माल गळतो.

दोन डोझर शेजारी-शेजारी चालवले तर १.१५ ते १.२५ चा गुणक मिळतो, पण यंत्रं सारखी हवीत, ब्लेडच्या कडा शक्य तितक्या जवळ हव्यात आणि अंतर १५ मीटरपेक्षा जास्त हवं. त्याहून कमी अंतरात एकमेकांची वाट पाहण्यात आणि रांगेत येण्यात जो वेळ जातो त्यात वाढलेला माल विरघळतो.

प्रश्न: कठीण मुरूम आणि ठिसूळ खडक आहे. तोच डोझर आधी रिपर (मागे लावलेला जमीन फोडणारा दाता) लावून फोडतो आणि मग ढकलतो. दोन्ही मिळून तासाचं काम किती धरावं?

आधी फोडण्याचं उत्पादन काढा. रिपरच्या दोन ओळींतलं अंतर १.२ मीटर, खोली ०.६, ओळीची लांबी ८० मीटर. एका ओळीत १.२ × ०.६ × ८० म्हणजे ५७.६ जागचे घनमीटर. वेग ताशी १.६ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला २६.७ मीटर. ओळीला ३ मिनिटं, वळायला पाव मिनिट, एकूण ३.२५. ५० मिनिटांत १५.४ ओळी आणि ८८६ घनमीटर. हा आकडा जास्तच येतो, कारण दोन ओळींच्या मधला भाग पूर्ण खोलीपर्यंत फुटत नाही आणि दाता खालून वर उचलला जातो तिथली खोलीही कमी असते. म्हणून १.२ ने भागतात: ७३८ जागचे घनमीटर. पक्का आकडा हवा असेल तर फोडण्याआधी आणि माल काढून घेतल्यावर लेव्हल घेऊन छेद मोजा आणि फोडण्यात गेलेल्या तासांनी भागा.

ढकलण्याचं उत्पादन, खडकाचा गुणक धरून, १५० जागचे घनमीटर आहे असं समजू. आता एकाच यंत्राचं दोन्ही मिळून काम म्हणजे ७३८ आणि १५० ची बेरीज नाही आणि सरासरीही नाही. एक घनमीटर फोडायला आणि ढकलायला लागणारा वेळ एकत्र करायचा. सूत्र असं: (७३८ × १५०) भागिले (७३८ + १५०). उत्तर १२५. तुमच्या यंत्राकडून तासाला १२५ जागच्या घनमीटरची अपेक्षा ठेवा.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट दिसते. फोडण्याचा वेग कमी करून तुकडे बारीक केले तर फोडण्याचं उत्पादन घटतं, पण ढकलण्याचं वाढतं. फोडणं ७३८ वरून ५०० वर आलं आणि ढकलणं १५० वरून १९० वर गेलं तर एकत्रित आकडा १३८ होतो. म्हणून ओळी जवळ घेऊन माल बारीक करणं अनेकदा फायद्याचं ठरतं.

कठीण थरात सुरुवात एकाच शँकने (दाता धरणाऱ्या दांड्याने) करा. मोठे दगड निघत असतील तर शँक वाढवण्याआधी ओळी जवळ आणा. पहिल्या गिअरमध्ये ताशी दीड ते अडीच किलोमीटरने चालवा, त्याहून जास्त वेगात दात्याचं टोक तापून लवकर बोथट होतं. शक्य तिथे उताराच्या दिशेने फोडा. जमिनीत दाता रुतलेला असताना वळू नका आणि रिव्हर्सही घेऊ नका, शँक वाकतो किंवा पिन तुटते. फोडलेला सगळा माल खरवडून नेऊ नका. १०-१५ सेंटीमीटरचा थर मागे राहू द्या, त्यावर ट्रॅकला पकड मिळते आणि उघड्या खडकावर शूंची जी झीज होते ती टळते.

प्रश्न: भरावावर टिपरचे ढीग पसरवायला डोझर आहे. त्याचं काम क्षेत्रफळात कसं काढायचं?

इथे ब्लेडचा माल बाजूला ठेवा आणि पट्ट्यांचा विचार करा. ब्लेड ३.९ मीटर, दोन पट्ट्यांची ०.३ मीटर आडवी ओव्हरलॅप, म्हणजे उपयोगी रुंदी ३.६. पट्टी ६० मीटर लांब. जाताना ताशी ४ किलोमीटरने ०.९ मिनिट, येताना ६ ने ०.६, वर ०.०५, एकूण १.५५. एका फेरीत २१६ चौरस मीटर. तासाला ३८.७ फेऱ्या, म्हणजे ८,३६० चौरस मीटर. थर नीट बसायला तीन फेऱ्या लागत असतील तर २,७८७, आणि कामाचा गुणक ०.७५ धरला की सुमारे २,०९० चौरस मीटर.

फेऱ्यांची संख्या डोझरपेक्षा टिपरवाल्यांच्या हातात जास्त असते. ढीग ठरावीक अंतरावर पडले तर दोन-तीन फेऱ्यांत थर लागतो, एकावर एक पडले तर पाच लागतात. अंतर आधीच काढून खुणा करा. १२ सुट्या घनमीटरचा टिपर आणि ०.३ मीटर सुटा थर असेल तर एका टिपरने ४० चौरस मीटर झाकलं पाहिजे.

टिपर किती येतात हेही तपासा. डोझर तासाला २४० सुटे घनमीटर पसरवू शकतो आणि टिपर १२ घनमीटरचा आहे, तर दर तीन मिनिटांनी एक टिपर यायला हवा. सहा मिनिटांनी येत असेल तर त्या दिवशी डोझरचं काम १२० च भरणार, आणि त्यासाठी ऑपरेटरला बोल लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न: आम्ही रोज मीटरचे तास आणि ढकललेला माल वहीत लिहितो, तरी दोन आठवड्यांचे आकडे जुळत नाहीत. काय चुकत असेल?

यंत्रावरचं मीटर इंजिन चालू असलेला वेळ मोजतं. उभं राहून इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तास पुढे जातो. म्हणून रोज तीन गोष्टी लिहा: मीटरचे तास, प्रत्यक्ष ढकलण्याचा वेळ आणि थांबल्याची कारणं मिनिटांसह. यंत्रावर टेलिमॅटिक्स (यंत्राची माहिती दूरवर पाठवणारी यंत्रणा) असेल तर नुसतं चालू असल्याचा वेळ तिथे वेगळा दिसतो, तो रोज उतरवून घ्या.

फेऱ्यांची नोंद घ्यायची असेल तर सलग ३० फेऱ्या घड्याळ लावून मोजा, सकाळी आणि दुपारी वेगवेगळ्या. ऑपरेटर बदलला, अंतर वाढलं, पाऊस पडून गेला की पुन्हा मोजा. फेरी सुरू झाल्याची खूण एकच ठेवा, उदाहरणार्थ रिव्हर्समधून फॉरवर्डला गिअर पडला तो क्षण. प्रत्येक जण वेगळ्या क्षणापासून मोजतो म्हणूनही आकडे हलतात.

मालाचं माप फेऱ्यांवरून काढू नका, आठवड्याच्या शेवटी लेव्हल किंवा ड्रोनने खड्डा मोजा. खड्ड्याचं माप जागच्या घनमीटरमध्ये येतं. फेऱ्यांवरून आलेला सुटा आकडा ०.८० सारख्या आपल्या गुणकाने जागचा करून शेजारी लिहा. दोन्हींत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल आणि दर आठवड्याला एकाच दिशेने असेल तर आधी ब्लेडपुढचा माल पुन्हा मोजा, मग फुगण्याचा गुणक तपासा. एक आठवडा जास्त आणि एक आठवडा कमी असा झोका असेल तर बहुधा अंतर बदललं आहे आणि वहीत जुनंच लिहिलं जातं आहे. खोदाई मागे सरकते, भराव पुढे सरकतो. महिन्याच्या पहिल्या दिवशी मोजलेले ४० मीटर पंधराव्या दिवशी ६० झालेले असतात, त्यामुळे अंतराचा रकाना रोजच भरायचा.